कॅडिसफ्लायची असेम्ब्ली दुप्पट आली, आता काय?

म्हणजे कॅडिसफ्लायच्या (ओढ्यात वाढणारा, रेशीम काढणारा किडा) वीसेक अळ्या एकत्र वाटून डीएनए काढला, पॅकबायोचे हायफाय रीड्स (डीएनएचे लांब, अचूक वाचलेले तुकडे) घेतले, ते जोडणारा असेम्बलर हायफायएएसएम चालवला, आणि जीनोमस्कोपनं रीड्सवरून काढलेल्या जीनोमच्या आकाराच्या अंदाजापेक्षा असेम्ब्ली (जोडून झालेला जीनोम) जवळपास दुप्पट आली, बुस्कोत, म्हणजे ठरावीक जीन्स सापडतात का ते बघणाऱ्या तपासणीत, डुप्लिकेटेड जीन्सचा ढीग, तर आता असेम्बलर बदलू का असं विचारताय. नका बदलू, त्यानं काही होणार नाही, घोळ अळ्या एकत्र केल्या तिथेच झालाय.

हे असेम्बलर धरून चालतात की समोर एकच प्राणी आहे आणि त्याच्या प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती आहेत, वीस अळ्यांत त्या चाळीसपर्यंत जातात आणि ओढ्यातल्या किड्यांत एकाच जातीतसुद्धा फरक भरपूर असतो, म्हणून तीच जागा वेगवेगळ्या कॉन्टिगमध्ये (सलग जोडल्या गेलेल्या तुकड्यांत) पुन्हा पुन्हा येते. पर्ज डप्स या दुहेरी कॉन्टिग छाटणाऱ्या प्रोग्रामनं थोडं निघेल, पण ते अर्ध्या आणि पूर्ण कव्हरेजमधला (एकेका जागेवर किती रीड्स पडतात त्यातला) फरक बघून छाटतं आणि अनेक अळ्यांच्या पूलमध्ये तो फरकच उरत नाही. जीनोमस्कोपचं गणितही एका प्राण्यासाठीच असतं, त्यामुळे त्या अंदाजावरही फार विसंबू नका, खात्रीचा आकार हवा तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशीतला डीएनए थेट मोजणं.

पहिलं काम फुकटचं आहे. रीड्समधून सीओआय जीन (जात ओळखायला वापरतात तो) काढा आणि किती वेगळे प्रकार मिळतात ते बघा. अळ्यांवरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, दोन जाती मिसळल्या असतील तर विषयच संपला.

मग नवीन सॅम्पल, आणि एकच प्राणी. हल्ली कमी डीएनएवर चालणारे लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करायचे) प्रोटोकॉल आहेत, मोठी अळी असेल तर एक पुरते. आतडं काढून टाका, त्यात डायटम, शेवाळ, बॅक्टेरिया सगळं असतं, नाहीतर सरळ प्रौढ किडा घ्या, तो जवळजवळ खातच नाही. जिवंत असतानाच लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८० ला ठेवा, साध्या तापमानाला अल्कोहोलमध्ये पडून राहिलेल्या नमुन्यातून लांब डीएनए मिळेल याची आशा धरू नका. हाय-सी साठी (कॉन्टिग क्रोमोसोमनुसार लावायची पद्धत) त्याच जातीचा दुसरा प्राणी चालतो. जुना डेटा फेकू नका, नव्या असेम्ब्लीवर मॅप केला की त्या ओढ्यातलं व्हेरिएशन दिसेल.

आणि बुस्को छान आला म्हणून लगेच खूश होऊ नका, त्याच्या इन्सेक्टाच्या, म्हणजे कीटकांच्या, ओडीबी१० सेटमध्ये १३६७ जीन्स आहेत, सगळे उत्क्रांतीत जपून राहिलेले, म्हणजे तसे सोपेच. कॅडिसफ्लायची खरी परीक्षा रेशमाच्या एच-फायब्रॉइन जीनची, वीस हजार बेसच्या वर लांबी आणि आत बहुतेक रिपीट्सच. शॉर्ट रीड्सवर याची फक्त दोन टोकं हाती लागायची. तो एका कॉन्टिगमध्ये सलग, मध्ये स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) न येता मिळाला तर मी ती असेम्ब्ली चांगली म्हणेन, एन५० (कॉन्टिगच्या लांबीचा नेहमी सांगतात तो आकडा) काहीही असो.

जमलं तर नर घ्या. कॅडिसफ्लायच्या माद्या बहुतेक झेड-शून्य असतात, म्हणजे झेड क्रोमोसोम एकच, मग तो अर्ध्या कव्हरेजवर दिसतो आणि माणूस उगाच त्याला काँटॅमिनेशन समजून काढायला जातो.