प्रश्न तुमचे : शाळेत न जाता दहावी, आणि पुढं?

प्रश्न : सर, नमस्कार. आमची मुलगी सहावीपर्यंत मराठी शाळेत होती. तिथून पुढं आम्ही घरीच शिकवतो. गणित तिचे बाबा घेतात, त्यांचं उद्यमनगरात मशिनशॉप आहे. भाषा आणि बाकीचं मी बघते. करवीर नगर वाचन मंदिरात तिचं खातं आहे, वाचनाची काळजी नाही. आता तिला चौदा पूर्ण झाली. इंजिनीअरिंग करायचं म्हणते. सासरे रोज ऐकवतात, "शाहू महाराज असते तर तुम्हाला रुपया दंड केला असता." दहावीला कुठनं बसवायचं? अकरावी-बारावीही घरीच केली तर कॉलेजवाले पुढं अडवतील का?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, सासऱ्यांचं बोलणं इतिहासाला धरून आहे. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. पण तेव्हा शाळेत न जाणारं पोर गुरांमागं नाहीतर शेतात असायचं. तुमची पोरगी आठवड्याला पुस्तकं बदलतीय. सासऱ्यांना तिच्या गणिताच्या वह्या दाखवा, रुपयाचं बघू. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा, त्यातनं ती बाहेर पडली, म्हणून त्या वादात मी शिरत नाही.

दहावीला दोन वाटा आहेत. एक आपल्या राज्य मंडळाची, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून बसायचं, पुस्तकं बालभारतीचीच. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो जपून ठेवला असेलच. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. १९८९ पासून चाललेली संस्था आहे, हिची दहावी-बारावी इतर मंडळांच्या बरोबरीची धरतात. वर्षातनं दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ५ वर्षं चालते. पाचही विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, दोन आत्ता, तीन पुढच्या खेपेला, असं चालतं. पास व्हायला ३३ टक्के. लेखी भागातले २० टक्के घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांचे असतात, त्याला ते टीएमए म्हणतात. हे पोरं शेवटच्या आठवड्यात खरडतात आणि फुकटचे मार्क घालवतात.

घरी शिकणाऱ्या मुलीला मी एनआयओएस सुचवीन, माध्यम दहावीला मराठीही मिळतं. पण एक खड्डा बघून चाला. तिथं दहावीला गणित ऐच्छिक आहे. "दहावी तर निघू दे" म्हणून घरातले गणित सोडून दुसरा विषय घेतात आणि दोन वर्षांनी पोरगं म्हणतं, मला डिप्लोमा करायचाय. तुमच्याकडं गणिताला घरचाच माणूस आहे, सोडायचा प्रश्न नाही. गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी आणि पाचवा तिच्या आवडीचा घ्या. इंग्रजी आत्तापासून घट्ट करा, कारण पुढं विज्ञानाची सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत.

आता अकरावी-बारावी. घरी केली म्हणून कुणी अडवणार नाही. जेईई मेनला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेला, एनआयओएसची बारावी चालते, फक्त किमान ५ विषय हवेत. राज्याच्या प्रवेशपरीक्षेला, एमएचटी-सीईटीलाही, चालते. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांना, जायचं मनात असेल तर बारावीला ७५ टक्के लागतात, म्हणजे बारावीला "नुसती पास झाली तरी बास" म्हणून चालणार नाही. शिवाय दहावी आणि बारावीत २ वर्षांचं अंतर ठेवावं लागतं, हुशार आहे म्हणून एका वर्षात उरकता येत नाही.

माझी अडचण प्रॅक्टिकलची आहे. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. अभ्यासकेंद्रावर प्रयोग होतात, पण ते मोजक्या दिवसांत. केमिस्ट्रीचं टायट्रेशन, ब्युरेट नावाच्या नळीतला शेवटचा थेंब, हे स्वयंपाकघरात व्हायचं नाही. उलट फिजिक्सच्या एका प्रयोगात तुमची मुलगी कॉलेजच्या पोरांना मागं टाकेल. बाबांच्या शॉपमध्ये व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असणार, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा. कॉलेजात देतात तो ०.१ चा. शॉपमधला माणूस जॉब, म्हणजे घडवायचा भाग, धरतो, वाचतो, सांगतो, संपलं. परीक्षेत तेवढ्यानं भागत नाही. आधी जबडे मिटवून शून्याची चूक बघायची, ती अधिक की उणे ते लिहायचं, मग तीन वेगवेगळ्या जागी माप घेऊन तक्ता मांडायचा, सरासरी काढायची, त्यातनं ती चूक चिन्हासकट वजा करायची, शेवटी एकक. शॉपमध्ये वाढलेली पोरं चूक मनातल्या मनात वजा करतात आणि थेट उत्तर लिहितात. उत्तर बरोबर, मार्क निम्मे. तिच्या बाबांना सांगा, रोज एक जॉब तिला तक्ता मांडून मोजायला द्या.

म्हणून माझं मत विचाराल तर इंजिनीअरिंगसाठी दहावीनंतर तिला घरी ठेवू नका. प्रयोगशाळा, आणि हाताखालनं शेकडो पोरं गेलेला मास्तर, हे घरी उभं करायला जेवढी यातायात होईल त्यात कॉलेज परवडतं. अकरावीची प्रवेशप्रक्रिया आता राज्यभर ऑनलाइन आहे, एनआयओएसच्या मार्कांवर अर्ज करता येतो. आणि तिसरी वाट तुम्ही विचारलीच नाही, ती मला जास्त आवडते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. आपल्याकडं शासकीय तंत्रनिकेतन आहे, प्रवेश दहावीच्या मार्कांवर, आणि तिथनं पुढं इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जेईई नाही, बारावीची सीईटी नाही. डिप्लोमा म्हटलं की आपल्याकडं अजून नाक मुरडतात. उद्यमनगरात एक चक्कर मारून बघा, व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, प्रोग्रॅम कोण टाकतंय ते.

कागदांचं सांगतो, कारण प्रवेशाच्या टेबलावर जी रडारड मी बघितली ती मार्कांपेक्षा कागदांपायी जास्त. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आज रात्री बघा. आईचं नाव, वडिलांच्या नावातला "राव", याच्यावरनं पोरं ऐनवेळी तहसीलला पळतात. आरक्षणात येत असाल तर जात पडताळणी दहावी झाल्या झाल्या सुरू करा. शाळेतली पोरं असतात तेव्हा कॉलेजचा क्लार्क आठवण करतो, तुम्हाला कोण करणार? नॉन क्रीमीलेअर लागत असेल तर त्याची मुदत बघा, ती ३१ मार्चला संपते. डोमिसाईल, म्हणजे रहिवासाचा दाखला, काढून ठेवा. आणि परीक्षाकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. मामा कर्नाटकात निपाणीला आहेत, तिथं शांतता आहे म्हणून दहावी तिकडनं दिली, आणि बारावीनंतर इथल्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशात राज्याचा उमेदवार ठरायला घोळ झाला, असली प्रकरणं सीमेवरच्या गावांत होतात.

"ती मुलांत मिसळणार कशी" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, बरं केलंत. कोल्हापुरात गल्लीत उतरलं की मिसळणं होतंच.

प्रश्न : मुलगा रायफल शूटिंग करतो. सकाळ रेंजवर जाते म्हणून नववीत शाळेतनं काढावं असं कोच म्हणतात. स्वप्नील कुसाळेला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळाल्यापासून तो तर हट्टालाच पेटलाय. काढू का?
— एक वडील, कागल

उत्तर : दादा, लगेच काढू नका. असोसिएशनच्या स्पर्धांना तो शाळेशिवायही उतरेल, पण शालेय क्रीडा स्पर्धांना शाळेचं नाव लागतं. ती प्रमाणपत्रं खेळाच्या वाढीव गुणांना उपयोगी पडतात. पुढं आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तर नियमित कॉलेजात नाव हवं, दूरशिक्षणाचं चालत नाही. आधी मुख्याध्यापकांना भेटा, पहिले दोन तास सवलत मागा. रेंजच्या वेळेचं कोचच्या सहीचं पत्र सोबत न्या, तोंडी विनंतीपेक्षा ते चालतं. नाहीच म्हणाले तर दहावी राज्य मंडळाची करून बारावी मुक्त विद्यालयातनं करावी.

प्रश्न : मुक्त विद्यालयाची बारावी मेडिकलच्या नीटला चालते का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : चालते. मध्यंतरी वाद होता, कोर्टकचेऱ्या झाल्या, आता तो मिटलाय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रॅक्टिकलसह आणि इंग्रजी एवढे विषय हवेत, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. पेपर मराठीतनंही देता येतो, पण तू अभ्यास इंग्रजीतनं केला असशील तर ऐनवेळी मराठी निवडू नकोस. अर्जात मराठी भरली की पेपर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला हातात येतो.