भाचीला जन्मापासून एकच किडनी आहे. पुढे त्रास होईल का? लग्न ठरवताना सांगावं का?

एक किडनी धड असेल तर माणूस सगळं आयुष्य काढतो. वर्षातून एकदा बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातून किडनीचं काम तपासत राहा. पण भाची वयात आली असेल तर तिची गर्भपिशवी तपासलीय का? ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

माझी मुलगी नववीत होती. पाळी आली की वाकळेची गुंडाळी पोटाखाली घेऊन पालथी पडायची, वाकळेचं टोक दातात धरून. पाळी मात्र वेळेवर. त्यामुळे नणंदबाईंचं एकच पालुपद, "येतीय न्हवं येळंवर? मग दुखणारच. बाईच्या जातीला सोसाय पायजे." मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि तो महिना ढकलायचा. एकदा तिची लघवीच अडली. मी कुणालाही न विचारता तासगावहून तिला मिरजेला नेलं. सोनोग्राफी करताना मॅडमनी विचारलं, "हिची उजवी किडनी कधी काढली?" काढतोय कुठली, ती मुळात नव्हतीच!

एमआरआयमध्ये सगळं कळलं. या आजाराला हर्लिन-वेर्नर-वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात, डॉक्टर लोक 'ओव्हिरा'ही म्हणतात. आईच्या पोटात बाळाची किडनी आणि गर्भपिशवी शेजारशेजारच्या नळ्यांच्या आधाराने घडतात, म्हणून बिघाड झाला तर दोन्हींत होऊ शकतो. हिला गर्भपिशव्या दोन, योनीमार्गात मधे पडदा, आणि उजवी बाजू खालून बंद. डावीकडून पाळी यायची, उजवीकडचं रक्त आत साठायचं. त्या फुगाऱ्यानं लघवीची वाट दाबली होती. पोट न फाडता खालून पडदा कापला. आता पाळीत ती कॉलेजला जाते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीही नणंदबाई म्हणाल्या, "खालनं हात लावू दिला तर पोरीला करून कोण घेणार?" असं बोलणाऱ्यांना दारातच थांबवा. साठलेलं रक्त उलटं पोटात जातं, एंडोमेट्रिऑसिस (गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं) होऊ शकतो, कधी पू होतो. त्यापुढे पाहुण्यांची काय किंमत? आणि एमआरआय तर बाहेरूनच होतो, त्याला कसली भीती.

लग्नाचं म्हणाल तर सुपारी फुटायच्या आधी फाइल समोर ठेवून सांगा. लपवून दिलेल्या पोरीचे हाल सासरी होतात. दोन गर्भपिशव्या निघाल्या तरी मूल होऊ शकतं. गर्भपात आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण यांचा धोका जास्त असतो, म्हणून दिवस राहताच डॉक्टरांना सगळं सांगायचं.

एक किडनी असलेल्या प्रत्येक मुलीला हे असतंच असं नाही. भाचीला काहीच नसेलही. पण दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्याचा भार त्या एकाच किडनीवर पडतो. आणि घरातले "दुखतंच" म्हणत बसले तर तुम्ही मामा, मावशी जे कोण असाल, तुम्हीच तिला घेऊन जा.