धक्क्याची भिंत जाड करण्याआधी मागची वाळू बघा
कच्छच्या खाडीत बोटी लागण्यासाठी ६ मीटर उंच शीट पाइलचा (जमिनीत ठोकलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या पोलादी पत्र्यांचा) धक्का, मागे ड्रेज केलेल्या (समुद्रतळातून उपसलेल्या) वाळूचा भराव, भूकंपासाठी पाइलचा सेक्शन (जाडी-आकार) वाढवू का, असं विचारलंय तुम्ही. नुसता सेक्शन वाढवून भागणार नाही. भूकंपातला मातीचा दाब काढायचं नेहमीचं मोनोनोबे-ओकाबेचं गणित वाळूची ताकद टिकून राहते असं धरून चालतं. पाण्याखालची सैल वाळू हादऱ्याने द्रवासारखी झाली की समोरच्या पाण्याचा दाब वजा करूनही भिंतीवरचा मातीचा दाब साधारण तिप्पट होतो, आणि भिंतीला मागून ओढून धरणाऱ्या अँकरची पकड नेमकी तेव्हाच सुटते.

जपानमधल्या कोबे बंदरात १९९५ च्या भूकंपात धक्क्याच्या कॅसनचं (काँक्रीटच्या मोठ्या पेट्यांचं) काँक्रीट बहुतांशी शाबूत होतं. तरी ते काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत समुद्राकडे सरकले, कारण खालची मऊ चिकणमाती काढून भरलेली वाळू सैलच होती. म्हणून भिंतीच्या मागे जेवढं बघाल तेवढंच पायाखालीही बघा.

माती तपासायला एक बोअर (खोल छिद्र) भिंतीमागे, एक अँकरपाशी आणि एक समोर पाण्यात, हे किमान. एसपीटी (नळी जमिनीत ठोकून ठोके मोजण्याची चाचणी) दर १.५ मीटरला, आणि प्रत्येक नमुन्यात बारीक कणांचं प्रमाण काढायचंच. पाण्यातल्या बोअरला बार्ज (सपाट तळाची नौका) लागतो, म्हणून कात्री तिथेच लागते. आमच्या एका कामात मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने 'जमिनीवरचे बोअर पुरेसे' असा शेरा मारून तो एस्टिमेटमधून उडवला. पाइल ठोकताना टोकाशी सैल थर निघाला, काम थांबलं, बार्ज आणावाच लागला, वर डिझाइन नव्याने. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. असा शेरा आला तर लेखी हरकत नोंदवा, तोंडी बोलून उपयोग नाही.

भराव घट्ट करायचा तर भिंत उभी राहण्याआधी. उभ्या भिंतीला लागून व्हायब्रो (वाळू हादरवून घट्ट करणारं यंत्र) चालवला की तीच पुढे ढकलली जाते. तिथे खडीचे ड्रेन (पाण्याचा दाब निघून जाण्यासाठी खडीचे उभे खांब) घ्या, कॉम्पॅक्शन मागे ठेवा. जपानच्या कुशिरो बंदरात असे सुधारलेले धक्के १९९३ च्या भूकंपात टिकले. सुधारणेचा पट्टा अँकरच्याही मागेपर्यंत न्या. भराव खचला की टाय रॉड (भिंत आणि अँकर जोडणारी सळई) भिंतीपाशी वाकतो, तेव्हा तिथे बिजागरीचा जोड हवा.

तुमच्याकडे भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे. ओहोटीला भिंतीमागे अडकणारं पाणी हिशेबात धरा, वीपहोलमागे (पाणी निघायला भिंतीत ठेवलेल्या भोकांमागे) जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, वाळू अडवणारं कापड) आणि खडीचा फिल्टर द्या, नाहीतर वाळू वाहून जाऊन भराव पोकळ होतो.

बोअर न बघता लिहिलंय, त्यामुळे याला डिझाइन समजू नका. दुरुस्त एन-व्हॅल्यू (एसपीटीतल्या ठोक्यांचा सुधारलेला आकडा) ३० च्या खाली असलेल्या प्रत्येक वाळूच्या थराचा लिक्विफॅक्शनचा (हादऱ्याने द्रवासारखं होण्याचा) हिशेब भू-तांत्रिक सल्लागाराकडून करून घ्या, मगच सेक्शन ठरवा.