वाचकांचे प्रश्न : ट्रकवरील सीबी रेडिओचा ॲन्टेना

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत ट्रेलर ओढणारा मोठा सेमी ट्रक चालवतो. त्याच्या गाडीच्या दोन्ही आरशांवर सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचे, म्हणजे चालक एकमेकांशी बोलायला वापरतात त्या रेडिओचे, ॲन्टेना होते. झाडाची फांदी लागून उजवीकडचा मोडला, तेव्हा त्याने तो काढून टाकला. आता रेडिओवरचे त्याचे बोलणे थोड्या अंतरापलीकडे कोणालाच नीट ऐकू जात नाही. तिथला दुकानदार त्याला जास्त ताकदीचा रेडिओ घ्यायला सांगतो. मी स्वतः गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, पण रेडिओचे मला फारसे कळत नाही. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, आडगाव नाका, नाशिक

उत्तर : जास्त ताकदीचा रेडिओ घेऊ नये, हे त्याला आधी सांगावे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे नेहमीच्या एएम पद्धतीच्या सीबी रेडिओला ४ वॅटचीच मर्यादा आहे आणि ती ओलांडण्यासाठी अॅम्प्लिफायर जोडणे बेकायदा आहे. सर्वांची ताकद सारखीच असल्यामुळे कोणाचा आवाज किती दूर जाईल, हे मुख्यतः ॲन्टेना आणि त्याची जोडणी यांवर ठरते. आपल्या भावाचा दोष बहुधा केबलमध्ये आहे. दोन ॲन्टेनांसाठी वापरायची केबल दोन फाट्यांची असते. तिचा प्रत्येक फाटा ७५ ओहमचा असतो आणि दोन्ही टोकांना एकसारखे ॲन्टेना असतील तरच रेडिओला हवा असलेला ५० ओहमचा मेळ जमतो. एक ॲन्टेना काढून तीच केबल ठेवली, तर मोकळा राहिलेला फाटा सगळा हिशेब बिघडवतो आणि रेडिओने पाठवलेल्या शक्तीचा बराच भाग उलट रेडिओकडे परततो. अशा स्थितीत तो बराच वेळ बोलत राहिला, तर रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका असतो. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत त्याने ऐकावे, बोलू नये.

त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एकाच बनावटीचे, एकाच लांबीचे दोन ॲन्टेना बसवावेत, किंवा दोन फाट्यांची केबल पूर्ण काढून ५० ओहमच्या एकाच केबलवर एक ॲन्टेना चालवावा. माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. दोन ॲन्टेनांचा खरा लाभ मिळण्यासाठी त्यांच्यात सुमारे पाव तरंगलांबीचे, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर असावे लागते. आरशांमध्ये ते जेमतेम मिळते, आणि दोन ॲन्टेना म्हणजे बिघडण्याच्या जागाही दुप्पट. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे कडेच्या फांद्या उजव्या आरशाला लागतात. एकच ठेवायचा तर तो डावीकडे, चालकाच्या बाजूला ठेवावा. ॲन्टेनाचा निदान वरचा अर्धा भाग केबिनच्या छतापेक्षा उंच राहायला हवा.

यापुढचे काम आपल्या व्यवसायातलेच आहे. ते म्हणजे बॉडी अर्थ. ॲन्टेनाची दांडी हा जोडणीचा अर्धाच भाग असून उरलेला अर्धा भाग गाडीचा लोखंडी सांगाडा असतो. आधुनिक ट्रकच्या केबिनचे बरेच भाग फायबरचे असतात आणि आरशाची दांडी प्लॅस्टिकच्या खोळीत किंवा रबरी बुशांवर बसवलेली असते. ब्रॅकेट हाताला घट्ट लागतो, पण तो चासीला विजेच्या दृष्टीने जोडलेला असेलच असे नाही. भावाला मल्टिमीटरचे एक टोक ब्रॅकेटच्या उघड्या धातूवर आणि दुसरे चासीवर टेकवायला सांगा. वाचन शून्याच्या जवळ आले नाही, तर ब्रॅकेटखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा आणि तिथून दरवाजाच्या चौकटीपर्यंत व पुढे चासीपर्यंत रुंद, विणलेली तांब्याची पट्टी घट्ट बोल्टने जोडावी. त्यानंतर ॲन्टेनाचा बोल्ट पाहावा. त्यावरचा नायलॉनचा वॉशर मधल्या बोल्टला ब्रॅकेटपासून वेगळा ठेवतो. तो उलटा बसला किंवा चेपला गेला, तर ॲन्टेना थेट शॉर्ट होतो. केबल काढून बोल्ट व ब्रॅकेट यांच्यात मीटर लावला की हे लगेच कळते. मात्र काही ॲन्टेनांच्या आतील रचनेमुळे ते मीटरला मुळातच शॉर्ट दिसतात, म्हणून ॲन्टेना उतरवून केवळ माउंट तपासावा.

हे सारे झाल्यावरच एसडब्ल्यूआर मीटर लावावा. तो परतणारी शक्ती दाखवतो : वाचन ३ असेल तर सुमारे पाव शक्ती परत येते, १.५ असेल तर ४ टक्केच. गाडी मोकळ्या मैदानात, दुसऱ्या ट्रकपासून आणि शेडपासून दूर उभी करावी, दरवाजे बंद ठेवावेत आणि चॅनल १, १९ व ४० वर वाचन घ्यावे. चॅनल ४० वर जास्त आले तर ॲन्टेना लांब आहे, चॅनल १ वर जास्त आले तर आखूड आहे. बहुतेक फायबरच्या ॲन्टेनांच्या टोकाला यासाठी स्क्रू असतो. तो थोडा फिरवावा, पुन्हा मोजावे. सर्वत्र ३ च्या वर आले, तर स्क्रूला हात न लावता पुन्हा अर्थ आणि केबल पाहावी. चॅनल १९ वर १.५ च्या आसपास वाचन आले की काम झाले; त्याखाली उतरवण्यासाठी दिवस घालवू नये, कारण ऐकणाऱ्याला तो फरक कळत नाही.

प्रश्न : आमचे ट्रेलर मुंबई–आग्रा महामार्गावर धावतात आणि कसारा घाटात अनेकदा मोबाइल लागत नाही. परदेशातून सीबी रेडिओ आणून बसवता येतील का?
– एक वाहतूक व्यावसायिक, द्वारका, नाशिक

उत्तर : अमेरिकी सेट आणून तसाच लावू नये. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा, ५ वॅटच्या मर्यादेत, परवान्यातून मुक्त केला आहे. अमेरिकी सेटचे चॅनल २६.९६५ पासून २७.४०५ पर्यंत जातात, म्हणजे २८ ते ४० हे चॅनल आपल्याकडे त्या पट्ट्याबाहेर पडतात. शिवाय उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची मान्यता लागते. बाहेरचा ॲन्टेना लावण्याआधी नियमांतील ॲन्टेनाविषयीची अटही वाचून घ्यावी.

त्यापलीकडे एक व्यावहारिक अडचण आहे. अमेरिकेत ट्रकचालक ज्यावर बोलतात त्या चॅनल १९ वर आपल्या महामार्गांवर कोणी ऐकत नसते, त्यामुळे आपल्याच गाड्या एकमेकींशी बोलतील, आणि घाटात मध्ये डोंगर आला की तेही तुटेल.

मान्यताप्राप्त सेट मिळाला, तरी विजेची जोडणी सांभाळून करावी. सीबी सेट १२ व्होल्टच्या गाडीसाठी बनवलेले असतात आणि आपले अवजड ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढण्याची सवय अनेक वायरमनना असते. त्यामुळे एक बॅटरी सतत कमी चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा आणि बॅटरीजवळ, वायरच्या सुरुवातीलाच फ्यूज द्यावा.