मधे एक तर तू, नाहीतर फाटक

तुझा कॉली, म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा कुत्रा, लेकीच्या टाचेला चावला, आता काय करू, असं तू विचारलंयस. नाही, तो बिघडलेला नाही. तू लाडावून ठेवलास म्हणून हे झालं, असंही नाही. मुलगी किंचाळत पळाली, तो मान खाली घालून दबकत तिच्या मागे गेला आणि तिच्या टाचेला दात लावले. कातडी फुटली नाही. आता घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो कुत्रा देऊन टाका, दुसरा म्हणतो खेळतोय बिचारा. मला विचारशील तर दोन्ही चुकतायत, पण दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते.

तो खेळत नव्हता, चिडलाही नव्हता. तो कामावर होता. लांडगा शिकार करतो तेव्हा आधी नजर रोखतो, मग दबकत सरकतो, मग पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यातल्या सुरुवातीच्या पायऱ्या ठळक केल्या आणि शेवटच्या बोथट. आजचे बहुतेक बॉर्डर कॉली ज्याच्या वंशातले, तो १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा गाजला तोच मुळी गाजावाजा न करता नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवण्यासाठी. कॉर्गी आणि ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग या जातींना गुरं हाकायची असत. अडून बसलेली गाय नजरेला भीक घालत नाही, म्हणून त्यांच्यात टाचेला चावणं जाणूनबुजून राखलं गेलं. आता तुझी चार वर्षांची लेक बघ. एकदम पळते, मधेच वळते, वरच्या पट्टीत ओरडते. शंभरेक वर्षं जपलेली ही ओढ तू ‘नो’ म्हणून घालवणार आहेस?

म्हणून दोघांच्या मधे एक तर तू, नाहीतर फाटक, म्हणजे घरातल्या दारात बसवायचा अडसर. तिसरी सोय नाही.

‘पण मी तिथेच होते’ असं तू लिहिलंयस. होतीस ना, हातात फोन घेऊन, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ते ‘तू’ मी धरत नाही. तू म्हणजे हात पोचेल इतक्या अंतरावर, डोळे त्याच्यावर. तेवढं जमणार नसेल, पोळ्या लाटायच्या असतील, डोळा लागत असेल, तर फाटक लाव. त्यात त्याला शिक्षा कसली? फाटकापलीकडे त्याचं अंथरूण, चघळायला काहीतरी आणि मुलांना सक्त मनाई. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. मुलांच्या घरात त्याला ती झोप मिळते कुठे? अर्धवट झोपेतला कॉली आणखी पेटतो. आणि त्याला दमवायचं म्हणून तासन्‌तास चेंडू फेकणं आधी बंद कर. त्याने तो दमत नाही, पाठलागातच तरबेज होतो. त्यापेक्षा वास घेत हळू फिरव, लपवलेलं खाणं शोधायला लाव, चटईवर जाऊन पडून राहिल्याबद्दल बक्षीस दे.

गुरगुरला तर ओरडू नकोस, यावर मी अनेकांशी भांडले आहे. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबलीस तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात येतील. खरं तर त्याआधीच तो बोललेला असतो: तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आली नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दाखवतो, जागीच थिजतो. हे मोठ्यांनी वाचायचं. लहान मुलांना विचकलेले दातही हसू वाटतात, त्यामुळे ‘तिला समजावलंय’ हे मला सांगू नकोस. तो मागे लागला की झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर पायांकडे, एवढं तिला जरूर शिकव. पण जबाबदारी तिची नाही. धाकटा तर अजून रांगतोय, आणि त्याचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर आहे.

माझ्या घरात वर्षानुवर्षं दारोदारी फाटकं होती. पाहुणे अडखळायचे, हसायचे. बहिणीने तर येणंच सोडलं, कारण तिच्या मुलाला मी कुत्र्याच्या गळ्यात पडू देत नसे. त्या मुलाचं लहानपण मला बघायला मिळालं नाही, ते अजून सलतं. ती म्हणते, फाटक नसतं तरी काही झालं नसतं. नसेलही झालं. हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही, आणि तरीही मी एकही फाटक काढलं नसतं.

देऊन टाकायचं का, ते आत्ता ठरवू नकोस. पळापळ नसताना तो मुलांवर गेला किंवा दातांनी कातडी फुटली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, डॉक्टर गाठायचा, आणि कुत्र्याला कुठे दुखतंय का ते तपासून घ्यायचं. दुखरा कुत्राही चावतो. त्यानंतर वर्तनाचा जाणकार बोलवायचा, मारझोड शिकवणारा नव्हे.

फाटक उंच घे, कॉली उडी मारतो. उभ्या गजांचं घे, आडव्या पट्ट्यांवर धाकटा चढेल. जिन्यापाशी दोन बाजूंमधे नुसतं दाबून बसणारं चालणार नाही, भिंतीत स्क्रूने पक्कं करून घे. आणि या शनिवारीच बसव, पुढच्या नाही.