नाव एकच, वॉट वेगळे: गेमिंग लॅपटॉपबद्दल तुमचे प्रश्न

लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाने खेळांची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स चिपची आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली आणि लगोलग सगळ्या मोठ्या कंपन्यांनी तिच्यावरचे लॅपटॉप मांडले. तेव्हापासून आलेल्या प्रश्नांपैकी पुन्हापुन्हा विचारलेले पाच आज घेतो.

रेझर ब्लेड १६ आणि असुस स्ट्रिक्स स्कार १८, दोन्हींत आरटीएक्स ५०९० मिळते. मग पातळ ब्लेडच घ्यावा ना? (पुणे)

वेग सारखा मिळेल असं धरून घेऊ नका. चिपचं नाव तेच असलं तरी तिला किती वीज खाऊ द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने या चिपला ९५ ते १५० वॉटची मुभा दिली आहे. प्रोसेसरवर ताण कमी असेल तेव्हा वर आणखी २५ वॉट घेता येतात. स्कारमध्ये हा आकडा पूर्ण १७५पर्यंत जातो, ब्लेडमध्ये १६०पर्यंत. पंधरा वॉटांनी आभाळ कोसळत नाही. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. ब्लेड जेमतेम पंधरा मिलिमीटर जाड आहे, म्हणून रेझरने त्यात कमी वीज खाणारा रायझन एआय ९ एचएक्स ३७० प्रोसेसर घातला. स्कारमध्ये २४ कोरचा कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स आहे आणि त्याला थंड ठेवायला जागाही आहे.

खोलायच्या बाबतीतही दोघांत मोठा फरक आहे. स्कारचं खालचं झाकण स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतं आणि रॅम बदलता येते. ब्लेडची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी ३२ जीबी घ्या. झाकणाचं मी मुद्दाम सांगतोय. मध्यंतरी एका मुलाचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. दोन वर्षं गादीवर ठेवून वापरलेला, खेळ सुरू झाला की दहा मिनिटांत अडखळायचा. उघडला तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे धुळीचा थर बसलेला, चिमट्याने उचलला तर कापडाच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. साफ केल्यावर तोच लॅपटॉप सुरळीत चालला. आपल्याकडच्या धुळीत सहजी उघडणारं झाकण हा मोठा गुण आहे.

रोज लोकलने किंवा एसटीने ने-आण असेल तर सव्वादोन किलोच्या आतला ब्लेड खुशाल घ्या. घरी टेबलावरच राहणार असेल तर स्कार.

लॅपटॉपमधली ५०९० ही डेस्कटॉपच्या ५०९०एवढीच ताकदवान असते का? (ठाणे)

नाही, आणि हे नाव देणं मला मुळीच पटत नाही. डेस्कटॉपच्या ५०९०मध्ये २१,७६० कुडा कोर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॉटची भूक आहे. लॅपटॉपमध्ये १०,४९६ कोर आणि २४ जीबी. कोर निम्म्याहूनही कमी! लॅपटॉपमध्ये बसवलेलं सिलिकॉन खरं तर डेस्कटॉपच्या ५०८०चं आहे. चिप म्हणून ती उत्तमच आहे, पण पैसे मोजताना कोणती चिप घेतोय ते माहीत असावं.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. एमएसआय टायटन १८ हवा म्हणून हटून बसलाय. घेऊन द्यावा का? (कोल्हापूर)

ताई, माझं उत्तर नाही असंच आहे. टायटन ३.६ किलोचा, त्याच्यासोबत ४०० वॉटचा विटेएवढा अडॅप्टर. वर्गात तो जाणारच नाही. बॅटरी ९९.९ वॉट-अवरची आहे, कारण विमानात बिनपरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० आहे. आता हिशेब करा: पूर्ण ताकदीने खेळताना अडीचशे वॉट लागले तर ती अर्धा तासही पुरणार नाही. म्हणूनच प्लग काढला की असे लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतात. हॉस्टेलची वीज गेली की खेळ बसलाच.

त्याला नुसतं नाही म्हणून गप्प बसवू नका. आरटीएक्स ५०७० टीआय असलेला १६ इंची लॅपटॉप दाखवा. त्यात १२ जीबी ग्राफिक्स मेमरी मिळते; अभ्यासातली थ्रीडी डिझाइनची कामंही त्यावर होतात. ५०७०वर मात्र थांबू नका. तिच्यात ८ जीबीच आहेत आणि नवे खेळ आताच तेवढ्यात मावेनासे झालेत. एनव्हिडियाने अमेरिकेसाठी सांगितलेल्या सुरुवातीच्या किमती बघा: ५०७०चे लॅपटॉप १,२९९ डॉलर, ५०७० टीआयचे १,५९९, ५०९०चे २,८९९. मधल्या पायरीवर पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात.

नवी ५०७० ही मागच्या मालिकेतल्या ४०९०च्या तोडीची आहे असं एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग मंचावरून म्हणाले. खरं का? (नाशिक)

ते डेस्कटॉपच्या कार्डाबद्दल बोलत होते, आणि त्यामागे डीएलएसएस ४ हे एनव्हिडियाचं एआय तंत्र आहे. चिप एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, खरोखर काढते आणि तिच्या जोडीला तीनपर्यंत फ्रेम एआयकडून भरून घेते. पडद्यावरचा आकडा फुगतो, चित्र गुळगुळीत दिसतं. पण तुम्ही बटण दाबलं की त्याला उत्तर देते ती खरी काढलेली फ्रेमच. मुळात सेकंदाला ६० फ्रेम निघत असतील तर ही सोय सुखाची आहे. मुळात २५च असतील तर हात जड झाल्यासारखा वाटतो. तेव्हा तुलना करताना फ्रेम जनरेशन, म्हणजे ही एआयची भर, बंद ठेवून घेतलेले आकडेच बघा.

ओएलईडी पडदा बरा की मिनी-एलईडी? (पणजी)

ब्लेड १६ आणि लेनोवो लीजन प्रो ७आय यांत २४० हर्ट्झचा ओएलईडी आहे, स्कार आणि टायटनमध्ये मिनी-एलईडी. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मिनी-एलईडीत पडद्यामागे छोटे दिवे असतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत ओएलईडीचा काळा रंग खरंच काळा दिसतो. मिनी-एलईडीवर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती पुसटशी प्रभा उमटते. पण खिडकीतून उजेड येत असेल तर मिनी-एलईडीचा लखलखीतपणा कामी येतो. शिवाय एकच खेळ रोज तासन्‌तास खेळत असाल तर कोपऱ्यातला नकाशा किंवा बंदुकीच्या गोळ्यांचा आकडा ओएलईडीवर कालांतराने कायमचा उमटू शकतो. खिडकीसमोर बसून असा एकच खेळ खेळत असाल तर मिनी-एलईडी घ्या, एरवी ओएलईडी.