रोमची सम्राज्ञी लिव्हिया हिने पती ऑगस्टस याला खरोखर विष दिले होते का?

या आरोपाला विश्वासार्ह पुरावा नाही. रोमन इतिहासकार डिओ कॅसियसने नोंदवलेल्या वदंतेनुसार, लिव्हियाने झाडावरच्या अंजिरांना विष लावून ठेवले आणि स्वतः मात्र न माखलेली अंजिरे खाल्ली. पण डिओ घटनेनंतर सुमारे 200 वर्षांनी लिहीत होता, आणि इ. स. 14 मध्ये नोला येथे मरण पावलेला ऑगस्टस तेव्हा 75 वर्षांचा, शिवाय आधीपासून आजारी होता. दुसरा रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही संशयाची कुजबुज तेवढी नोंदवली आहे.

इ. स. पू. 38 मध्ये, पहिल्या पतीपासून गरोदर असतानाच, तिचा ऑक्टेव्हियनशी, म्हणजेच पुढच्या ऑगस्टसशी, विवाह झाला आणि तो 50 वर्षांहून अधिक काळ टिकला. इ. स. पू. 35 मध्ये तिला ट्रिब्यूनसारखे (ट्रिब्यून म्हणजे जनतेचा प्रतिनिधी असलेला रोमन अधिकारी) शारीरिक संरक्षण आणि पुरुष पालकाविना मालमत्ता सांभाळण्याचा हक्क मिळाला. त्या काळच्या रोमन स्त्रीसाठी ही फार मोठी गोष्ट होती. दोघांना एकत्र मूल झाले नाही, त्यामुळे वारसा अखेर तिच्या आधीच्या मुलाकडे, टायबेरियसकडे गेला आणि संशयाचे मूळ नेमके इथेच आहे, असे मला वाटते. गंमत अशी, की याच टायबेरियसने इ. स. 29 मध्ये तिच्या अंत्यविधीला येणे टाळले आणि तिला देवत्व देण्यासही नकार दिला. तो मान तिला इ. स. 42 मध्ये नातू क्लॉडियसने मिळवून दिला. प्रिमा पोर्ता येथील तिच्या वाड्यातल्या फळझाडांची आणि पक्ष्यांची भित्तिचित्रे आज रोमच्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयात पाहता येतात.